गोदामातली खुर्ची

मयुरीला पगार मिळायचा तो खोटं पकडायचा. पुण्यातल्या एका कंपनीसाठी ती विम्याचे दावे तपासायची. दवाखान्याची बिलं, डिस्चार्ज कार्डं, मृत्यूचे दाखले यांचे फोटो तिच्या पडद्यावर यायचे आणि कुठल्या तारखेत खाडाखोड आहे, कुठल्या डॉक्टरची सही दोन कागदांवर दोन तऱ्हेची आहे, हे तिला दाताखाली खडा यावा तसं जाणवायचं. एकदा तर तिने आठ महिन्यांत दोनदा वारलेला माणूस पकडला होता. कंपनीत तेव्हा तिचं फार कौतुक झालं.

अशा बाईने स्वतः खोटं बोलायचं तर निदान धड तरी बोलावं की नाही? पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो काही उगाच नाही.

जळगावात महाबळला दुसऱ्या मजल्यावर तिचं घर. नवरा जितेंद्र ठिबक सिंचनाच्या नळ्या विकायचा. त्याचा आठवडा शिरपूर आणि नंदुरबारकडे जायचा, तो शनिवारी उगवायचा. मुलगी भाविका दुसरीत. आणि सासू पुष्पाबाई. मुक्ताईनगर तालुक्यातल्या केळीच्या गावात जन्म काढलेली बाई. सासरे गेल्यावर शेत बटाईने देऊन लेकाकडे आली, ती सुनेची नोकरी टिकावी म्हणून. हे मयुरीला माहीत होतं. पुढचं सगळं घडलं ते हे माहीत असूनच घडलं, म्हणून सांगून ठेवलं.

घरून काम करायचं म्हणजे हॉलमधल्या भिंतीकडे तोंड करून बसायचं, कारण नेट तिथेच धड यायचं. पाठीमागे स्वयंपाकघरातून गॅलरीत जायची वाट. कंपनीचा नियम असा की लोकांच्या आजारपणाचे कागद दुसऱ्या कोणाच्या नजरेस पडता कामा नयेत. इथे तर कामवाली, गॅसवाला, वरच्या मजल्यावरची बाई, सगळे पाठीमागून जाणार. पुण्याच्या मॅडम मीटिंगमध्ये बोलत असताना एकदा मागून पुष्पाबाई डोक्यावर पापडांची परात घेऊन गेल्या आणि अकरा माणसं हसली. मयुरीपण हसली, पण तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

त्या रात्री पुष्पाबाईच म्हणाल्या, “तू बाहेर जागा पाह्य. घरात तुले काम सुधरत नही. भाविकाले मी पाह्यते. आता म्हने खुर्च्या भाड्यानं भेटतात.”

“कोणी सांगितलं तुम्हाला?”

“पेपरात जाहिरात होती. मी काय निरी पापड लाटू राह्यली का इथं?”

मग दोघी मिळून जागा बघायला निघाल्या, मुलगी दाखवायला निघावं तशा तयारीने. मयुरीच्या डोक्यात नेट, इन्व्हर्टर आणि भिंतीला पाठ असलेली खुर्ची. पुष्पाबाईंच्या डोक्यात जिना, संडास आणि तिथे बसणारी माणसं.

पहिली जागा रिंग रोडला एका जिमच्या वर होती. खुर्च्या लालभडक, भिंतीवर इंग्रजी सुविचार आणि दर पाच मिनिटांनी खाली कोणीतरी लोखंड आपटायचं. तीन धक्के बसल्यावर पुष्पाबाई म्हणाल्या, “हा तं रोजचा भूकंप हाये,” आणि पदर सावरून उठल्या. दुसरी एका क्लासच्या मागच्या खोल्यांत. जागा प्रशस्त, नेट झकास. पण संध्याकाळी पाचनंतर तिथे पोरांची बॅच भरायची आणि संडासाची कडी सुतळीने बांधलेली. पुष्पाबाईंनी ती सुतळी दोन बोटांत धरून जागेच्या मालकाला दाखवली आणि सरळ जिना उतरल्या.

तिसरी जागा म्हणजे जवरीलाल शेठांच्या कापड दुकानावरचं जुनं गोदाम. शेठांचा नातू अर्पित पुण्यात शिकून आला, त्याने कापडाच्या थानांच्या फळ्या काढून तिथे टेबलं मांडली, एसी लावला आणि दारावर एक इंग्रजी नाव टांगलं. नाव कोणाच्या जिभेवर बसलं नाही. सगळे गोदामच म्हणायचे. कोऱ्या कापडाचा वास अजून भिंतींना होता. महिन्यातले कुठलेही बारा दिवस या, सकाळी आठ ते संध्याकाळी आठ, आणि ठरलेली खुर्ची हवी असली तर तीही मिळेल, असं अर्पित पोपटासारखं सांगत होता. खिडकीजवळ एक खुर्ची होती. तिची पाठ भिंतीला, समोर दार, पडद्यावर कोणाची नजर जायची सोय नाही. मयुरी तिच्यावर बसली आणि तिला उठावंसं वाटेना.

एका कोपऱ्यात प्लायवूड आणि काचेचं उभं खोकं होतं, फोनवर बोलायला. “इथला आवाज बाहेर जातच नाही,” अर्पित म्हणाला. पुष्पाबाईंनी मयुरीला आत उभं केलं, दार लावायला लावलं आणि काचेला कान लावला. “बोल काहीबी.” मयुरीने भाविकाची कविता म्हटली. मग पुष्पाबाई खोक्याच्या मागे गेल्या, तिथे चहाची लहानशी खोली होती, आणि तिथून ओरडल्या, “ऐकू येतं व पोरी! वरून उघडं हाये ना हे! इथं घरातलं काही बोलू नको.”

अर्पितचा चेहरा पडला. पण चहाच्या खोलीत स्टुलावर बसलेली एक गोरीपान म्हातारी खळखळून हसली. त्या चंदनबाई, शेठांच्या पत्नी. दिवसभर त्या तिथे बसून कोण आलं, कोण गेलं, चहात साखर किती पडली, यावर लक्ष ठेवायच्या. “बाई, तुमच्यासारखी तपासणी करणारी आजवर कोणी आली नव्हती,” त्या म्हणाल्या. दोघींनी मग तासभर लोणच्याच्या कैरीवर चर्चा केली. निघताना चंदनबाई मयुरीला म्हणाल्या, “सून स्वतः जागा शोधते हे पाहिलं. सासू सोबत येऊन शोधून देते हे पहिल्यांदा पाहिलं. जपा हो त्यांना.”

मयुरी हो म्हणाली. असा हो म्हणायला काय लागतं?

दीड वर्ष सुरळीत गेलं. मग कंपनीचा हुकूम आला. सगळे दिवस घरून काम पुरे. महिन्यातला एक आठवडा प्रत्येकाने पुण्याच्या ऑफिसात बसायचं, उरलेले तीन आठवडे वाटेल तिथे. मयुरी दोन महिने ट्रॅव्हल्सच्या गाड्यांनी जाऊन आली. तिसऱ्या महिन्यात तिचा आठवडा नेमका भाविकाच्या शाळेच्या गॅदरिंगवर आला. भाविका नाचात होती. पुष्पाबाई महिनाभर तिच्या घागऱ्याला टिकल्या लावत होत्या.

आधी मॅडमशी बोलून बघू म्हणून मयुरीने रविवार रात्रीची गाडी सोडली. सोमवारी सकाळी ती गोदामात गेली, खोक्यात शिरली, दार लावलं आणि पुण्याला मेघना मॅडमना फोन केला. आठवडा बदलून द्या म्हणाली. मॅडम वाईट नव्हत्या, पण त्यांच्याही डोक्यावर कोणीतरी होतं. त्या म्हणाल्या, “गॅदरिंग सगळ्यांच्याच मुलांचं असतं, मयुरी. आणि तुला तर सोय आहे. तुझ्या सासूबाई आहेत ना घरी? इतक्या करतात म्हणतेस सगळं. त्या जातील की.”

हे ऐकून मयुरीच्या मनात काय आलं, ते तिने पुढे कितीदा तरी उलटसुलट करून पाहिलं. राग आला, हे खरं. सासू खंबीर आहे, हेच आपल्या आड आलं, असं वाटलं हेही खरं. आणि मग उचलली जीभ लावली टाळ्याला.

“सासूबाई गेल्या, मॅडम,” ती म्हणाली. “आज पहाटे.”

 तिकडे मॅडमचा आवाज एकदम मऊ झाला. “अगं मग आधी सांगायचं नाही का? वेडी आहेस का? पाच दिवस सुट्टी टाक, मी मंजूर करते. लॅपटॉपसुद्धा उघडायचा नाही.”

मयुरी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. खोटं बोलून माणूस असा पांढरा पडत असेल, हे तिला माहीत नव्हतं. तिच्या कामात खोट्याचे फक्त कागद दिसायचे. तिने घाईने पिशवी भरली. चहाच्या खोलीच्या दारात चंदनबाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी एक हात छातीशी धरला होता, पण त्या एक शब्द बोलल्या नाहीत. आणि बोलणारही नव्हत्या, कारण आपल्याकडे मेलेल्याचं दुःख असं जिन्यात, जाता जाता विचारत नाहीत. त्यासाठी दारावर जावं लागतं. मयुरीला त्या क्षणी हे काही सुचलं नाही. तिला वाटलं, म्हातारीची ॲसिडिटी उसळली असेल.

घरी तिने सांगितलं, कंपनीने सुट्टी दिली. पुष्पाबाईंचा आनंद पाहवेना. “पाह्य! मी म्हनत होती ना, तुह्यी मॅडम चांगली हाये. बाईले बाईचं दुःख समजतं. तिच्यासाठी केयीचे वेफर्स करून देते, पुढच्या वारी घेऊन जाय.” दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच कच्ची केळी आणवली आणि किसणीवर चकत्या पाडायला बसल्या. जिने आपल्याला मेलेलं ऐकून सुट्टी दिली तिच्यासाठी वेफर्स. मयुरी शेजारी बसून चकत्या पसरत होती आणि प्रत्येक चकतीला तिला वाटत होतं, आता सांगावं, आता सांगावं. चकत्या संपल्या.

रात्री तिने धुळ्याला माहेरी फोन लावला. देवपुरात तिची आई लताबाई राहायची. तिला तरी सांगून मोकळं व्हावं म्हटलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि कळवळून म्हणाली, “अगं मूर्ख, मारायचंच होतं तर मला मारायचं! मी तुझी आई आहे, माझ्यावर सुट्टी कितीदाही घे. सासूला मारलं असं जगाला कळलं तर लोक काय म्हणतील? म्हणतील, हिच्या मनातच होतं!”

“नव्हतं गं मनात.”

“मला माहीत आहे. पण ते कोणत्या कागदावर लिहिलंय?”

मयुरीने फोन ठेवला. तिला झोप लागली नाही, एवढंच त्या रात्रीचं.

बुधवारी, तिसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास बेल वाजली. मयुरी भाकरी टाकत होती. पुष्पाबाई घागऱ्याची शेवटची टिकली लावत होत्या, त्या उठून दार उघडायला गेल्या. स्वयंपाकघराच्या दारातून मयुरीला समोरचं सगळं दिसलं.

दारात चंदनबाई. अंगावर बिनकाठाची फिकट पांढरी साडी, डोक्यावरून पदर कपाळापर्यंत ओढलेला, कानात काही नाही की गळ्यात काही नाही. मारवाड्यांत या जाण्याला मोकाण म्हणतात, आपल्यात दारावर जाणं म्हणतात. कपडे आणि चेहरा दोन्हीकडे सारखाच. फोन करून यायचं नसतं, म्हणून त्या फोन न करता आल्या होत्या. डोळे आधीच ओले होते. त्यांनी मान वर केली आणि समोर पुष्पाबाई दिसल्या.

चंदनबाईंनी भिंत धरली. “तुम्ही?”

“मीच व माय. या ना. काय झालं, चक्कर आली का?”

“मी... मी दारावर आले होते.”

 पुष्पाबाईंनी आधी त्या पांढऱ्या साडीकडे पाहिलं. मग मागे वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे मयुरी पिठाचे हात घेऊन उभी होती आणि तिचा चेहरा सगळं सांगत होता. सून इतक्या अचानक सुट्टीवर कशी, मॅडमला पाझर कसा फुटला, चकत्या पसरताना हिचे डोळे वर का होत नव्हते, हे सगळं त्या बाईने त्या एका नजरेत जुळवलं. दावे तपासायला खरं तर कंपनीने त्यांनाच ठेवायला हवं होतं.

मयुरीला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं. दुसऱ्या मजल्यावर जमीनही आपली नसते.

पुष्पाबाईंनी पदर डोक्यावर घेतला. खाली बसल्या. हातातला घागरा बाजूला सारला आणि जड आवाजात म्हणाल्या, “माह्यी जाऊ गेली हो चंदनबाई. मोठी जाऊ, सुंदरबाई. मुक्ताईनगरले.”

चंदनबाई अजून उभ्याच. “पण मयुरी फोनवर म्हणत होती, सासूबाई...”

“चुलतसासू ना तिची! तिचा लई जीव होता सुंदरबाईवर. लग्न करून आली तं पह्यली भाकरी तिनंच शिकवली इले.” आणि पुष्पाबाईंना खरोखर हुंदका आला.

सुंदरबाई गेल्या, हे खरंच होतं. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. मयुरीने त्यांना फक्त फोटोत पाहिलं होतं. खोटं बोलायची वेळ आली तेव्हासुद्धा त्या बाईने जिवंत माणसाला हात लावला नाही. गेलेलीलाच पुन्हा एकदा पाठवलं. आणि रडल्या त्या खऱ्या, कारण अकरा वर्षांपूर्वी सुगी होती आणि रडायला तेव्हा वेळ मिळाला नव्हता.

चंदनबाई त्यांच्याजवळ बसल्या. पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, “मला काय वाटलं होतं ते तोंडून काढत नाही. देवाने वाचवलं.” पाच मिनिटं बसल्या, चहा घ्यायचा नसतो म्हणून घेतला नाही, येते म्हणायचं नसतं म्हणून म्हटलं नाही, आणि गेल्या. जाताना त्यांनी मयुरीच्या गालावरून हात फिरवला. तो हात तिला चटका बसल्यासारखा लागला.

दार लागलं. घरात भाकरीचा करपट वास सुटला होता.

“आई...” मयुरी म्हणाली.

“भाकर जयली तुह्यी,” पुष्पाबाई म्हणाल्या आणि घागरा उचलून आत गेल्या.

मयुरीला शिव्या हव्या होत्या. त्यांनी आदळआपट करावी, जितेंद्रला फोन करावा, गावाला निघून जाते म्हणावं, मग तिला पाय धरता आले असते. दुपारपर्यंत काहीच झालं नाही. जेवायला बसल्यावर पुष्पाबाईंनी ताटात बघतच विचारलं, “माह्यावर किती दिवस भेटले?”

“पाच.”

“पाचच?” त्यांनी घास तोंडाशी नेला, थांबल्या. “इतके दिवस तुह्या घरी राह्यली. मले वाटलं, तेरा तरी देतीन.”

त्या थोडं हसल्या. मयुरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तिथेच रडायला लागली, चुकले म्हणाली, तीनदा म्हणाली. पुष्पाबाईंनी तिला पाण्याचा तांब्या सरकवला आणि म्हणाल्या, “जेव. ताटावर रडू नये.” माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत. ते शब्द त्यांच्याकडे होते की नाही कोण जाणे.

गुरुवारी संध्याकाळी गॅदरिंग. भाविका नटली, मयुरी नटली. पुष्पाबाई रोजच्याच साडीत बसून होत्या.

“आई, उठा ना. उशीर होतोय.”

“मी नही येत. तुम्ही जा.”

“असं काय करता? महिनाभर घागरा तुम्ही केलात!”

पुष्पाबाईंनी भाविका ऐकत नाही ना हे पाहिलं आणि हळू म्हणाल्या, “तिथं सगये फोटो काढतीन. तू नही टाकला तं दुसरी कोनी टाकीन. तुह्या कंपनीतल्या कोनी पाह्यला म्हंजे? तुले बट्टा लागीन.” त्यात टोमणा असता तरी बरं झालं असतं. टोमणा नव्हता. त्यांनी खरोखरच विचार केला होता.

ज्या गॅदरिंगसाठी मयुरीने हे केलं त्या गॅदरिंगला ती तीन नंबरच्या रांगेत बसली होती आणि शेजारची खुर्ची रिकामी होती. भाविका स्टेजवर आली, तिने आधी आईकडे पाहिलं, मग त्या खुर्चीकडे, मग सगळ्या रांगेवरून नजर फिरवली आणि तिची पहिली गिरकी चुकली. टिकल्या मात्र चमकत होत्या.

सोमवारी सुट्टी संपली. गोदामात जायची मयुरीची छाती होईना. चंदनबाई जाऊबाईंचं विचारतील, गालावरून पुन्हा हात फिरवतील, या धास्तीने तिने अर्पितला कळवलं की या महिन्यात येणार नाही, खुर्ची दुसऱ्याला द्या. म्हणजे इतकी पारखून घेतलेली, पाठीला भिंत असलेली खुर्ची गेली आणि ती पुन्हा हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून बसली, मागे वाट सोडून.

साडेदहाला मीटिंग सुरू झाली. कॅमेरा चालू ठेवायचा, हा नियम. मेघना मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, “बरी आहेस ना मयुरी?” ती मान हलवून हो म्हणाली. पडद्यावरच्या छोट्या चौकोनात तिला स्वतःचा चेहरा आणि पाठीमागची वाट दिसत होती. वाट रिकामी होती.

आणि तरीही मागे काहीतरी सरकल्याचा आवाज आला. तिने मान वळवली.

पुष्पाबाई ओल्या कपड्यांची बादली घेऊन गॅलरीकडे चालल्या होत्या. चालल्या कसल्या, वाकून, जवळजवळ रांगत, एका हाताने बादली पुढे ढकलत चालल्या होत्या, कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून. त्यांचे दोन्ही गुडघे तीन वर्षांपासून गेलेले. अर्ध्या वाटेत त्यांचा उजवा गुडघा धरला. त्या फरशीवर बसल्या. मयुरीने पाहिलं तर त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला होता, कण्हल्याचा आवाज पुण्याला जाऊ नये म्हणून. स्वतःच्या घरात ती बाई मेलेली राहत होती.

“मयुरी?” मॅडम म्हणत होत्या. “मयुरी, तुझे आकडे सांगतेस ना?”

मयुरी उठली. खुर्ची मागे पडली. तिने पुष्पाबाईंच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं, आणि उभं केल्याबरोबर दोघी पडद्यावर आल्या, अकरा माणसांच्या पुढे.

“घरी कोणी आलंय का?” मॅडमनी विचारलं.

मयुरीने तोंड उघडण्याआधी पुष्पाबाईंनी तोंडातला पदर काढला, हात जोडले आणि पडद्याकडे पाहून धडधडीत शुद्ध मराठीत म्हणाल्या, “नमस्कार मॅडम. मी तिची मावससासू. दुःखाला आले आहे.”

एवढी शुद्ध मराठी त्यांनी कधीच वापरली नव्हती. ती कधी जमवली होती? पाच दिवस मनात घोकत असल्या पाहिजेत, पकडलं गेलं तर असावं म्हणून.

“नाही,” मयुरी म्हणाली. आवाज चिरकला, म्हणून तिने पुन्हा म्हटलं. “नाही मॅडम. या माझ्या सासूबाई. त्या गेलेल्या नाहीत. मी खोटं बोलले होते.”

अकरा चौकोनांत कोणी हललं नाही. एकाने घाईने स्वतःचा कॅमेरा बंद केला. कोणाचं तरी हसू यायच्या आत मॅडम म्हणाल्या, “ठीक आहे. तू मीटिंगमधून बाहेर पड. मी तुला नंतर फोन करते.” आवाज मऊ नव्हता. कडकही नव्हता. दाव्यावर शिक्का मारायच्या आधी मयुरी स्वतः थांबायची, तसा तो आवाज थांबलेला होता.

लॅपटॉप मिटला. मयुरीने पुष्पाबाईंना सोफ्यावर बसवलं आणि गुडघ्याला तेल चोळायला घेतलं. वर बघायची तिची हिंमत नव्हती.

“नोकरी गेली तं?” पुष्पाबाईंनी विचारलं.

“गेली तर गेली.”

“असं म्हनू नये.”  मग त्यांनी मयुरीचा तेलाचा हात बाजूला सारला आणि उठायला लागल्या. “माह्यी चांगली साडी काढ. आन् चप्पल दे.”

“आता? या गुडघ्याने कुठे जायचंय?”

“गोदामात. चंदनबाईकडं.”

“कशाला, आई? राहू द्या ना ते आता.”

पुष्पाबाईंनी तिच्याकडे सरळ पाहिलं, बुधवारनंतर पहिल्यांदा. “तू तुह्यं सांगून टाकलं, तुह्यं झालं. माह्यं राह्यलं ना. ती बिचारी पांढरं लुगडं नेसून आली, आन् मी तिले अकरा वर्षांपूर्वीची सुंदरबाई सांगतली. साठ वर्षांत मी दारावर आलेल्या कोनाशी खोटं बोलली नव्हती.”

मयुरी साडी काढायला आत गेली. कपाटासमोर ती बराच वेळ उभी राहिली. मग तिने जांभळी इरकली काढली, जी पुष्पाबाई फक्त लग्नकार्याला नेसायच्या, आणि चपला त्यांच्या पायाजवळ ठेवून त्यांचे पट्टे स्वतःच्या हाताने लावले.